बरं म्हणाला

एस.टी.च्या पत्र्यावर दाजीने ओल्या हाताने दोन थापा मारल्या आणि सुटायला निघालेली गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली. गणेशपुरीच्या गरम कुंडातून उठून तो तसाच आला होता. धोतराचा काठ पोटऱ्यांना चिकटला होता, पायांतून वाफ निघत होती आणि हातातली काठी टेकण्यापेक्षा दाखवायलाच जास्त कामी येत होती. मागच्या दारातून तुळशीराम कंडक्टरने डोकं बाहेर काढलं.

"बोला दाजीशेठ. जरा लवकर बोला, ड्रायव्हर कावलाय."

"हिरामनला सांग, शाफ्टच्या बेअरिंगला ग्रीस भर. तेल नको, ग्रीस. खिडकीकडच्या लूमचा पट्टा सैल हाय, तो घट्ट कर, पन फार न्हाय. इद्रिस जॉबरला म्हनावं, कारीगरांना चहाला एकदम सोडू नको, एकामागं एक सोड. आनि शाफ्टला कोनी हात लावायचा न्हाय. मी येईपर्यंत तर न्हायच न्हाय."

"झालं?"

"घरी सांग, म्हशीला पेंड सकाळी घाला, सांजची नको. आनि मागच्या दाराला कडी लावीत जा म्हनावं. पोरं उघडं टाकतात."

तुळशीरामने एकेक निरोप बोटाच्या पेरावर बसवला. तो भिवंडीतल्या नारपोलीतच राहणारा, दाजीच्या घराच्या मागच्या आळीतला. संध्याकाळी ड्युटी सुटली की धामणकर नाक्यावरून पायी घरी जायचा. वाटेत दाजीच्या कारखान्यात डोकवायचं आणि निरोप सांगायचा, एवढं काम दाजीने त्याच्या गळ्यात घातलं होतं. गाडीतली माणसं हसत होती. रोजचं झालं होतं.

"आनि कालच्या निरोपाला काय म्हनाला?"

"कोण?"

"हिरामन रं."

तुळशीरामने तिकिटांची पेटी काखेत नीट केली. "बरं म्हणाला."

"बरं म्हनाला?"

"बरं म्हणाला, दाजीशेठ." त्याने घंटीची दोरी ओढली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत दाजी उभा राहिला. मग काठी टेकत ठकुबाईकडच्या भाड्याच्या खोलीकडे निघाला आणि जाताजाता तो शब्द दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिला. त्याच्या घरात तो शब्द नव्हता. हिरामणच्या तोंडी 'बघू' होतं, 'कशाला' होतं, आणि गेल्या वर्षापासून तर नुसतं गप्प बसणं होतं. आता रोज बरं. थोरल्या पोराने बापाला बरं म्हणावं यात जगावेगळं काही नाही, पण उपाशी माणसाला शिळा तुकडाही गोड लागतो. पोरगं वळणावर आलं, असं दाजीने मनाशी धरलं होतं आणि त्या आनंदात गुडघेही जरा कमी दुखत होते.

नारपोलीत बापजाद्यांच्या भातशेतीवर दाजीने पत्र्याची शेड घालून माग बसवले, त्याला पुष्कळ वर्षं झाली. मोटर एकच. छताखालून लांबच लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरून खाली उतरलेले पट्टे एकेक माग फिरवायचे. मोटरचा खटका दाराजवळच्या लाकडी पेटीत होता, पेटीला कुलूप होतं आणि कुलपाची चावी दाजीच्या करगोट्याला होती. सकाळी अंघोळ करून यायचं, उदबत्ती ओवाळायची, कुलूप काढायचं आणि दांडा वर करायचा. सगळी शेड एकदम बोलू लागायची. हे काम त्याने दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिलं नाही. ताप आला तर खांद्यावर घोंगडी घेऊन आला. हिरामणच्या हळदीच्या दिवशी कारीगर पेटीसमोर बसून राहिले होते, आणि वरबापाने मांडवातून पिवळ्या हातांनी येऊन दांडा वर केला होता. लोक अजून सांगतात. सांगताना हसतात, पण दाजीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

घरातही तीच तऱ्हा. भाजी कोणती, दिवा कधी, सून काशी माहेरी कधी जाणार, नातवाचं जावळ कुणी काढायचं, सगळ्यांत दाजीचं बोट. त्याचं कुणाशी वैर नव्हतं. उलट, आपण नसलो तर या सगळ्यांचं कसं होईल या काळजीने त्याचा जीव वर्षानुवर्षं टांगलेला होता. अशा माणसांचा राग तरी करता येत नाही, हीच त्यांच्या घरच्यांची पंचाईत.

शाफ्टवरून भडका उडाला. आजूबाजूच्या शेडमध्ये शाफ्ट काढून प्रत्येक मागाला आपापली छोटी मोटर बसवायला सुरुवात झाली होती. हिरामण वर्षभर तेच म्हणत होता. मोठी मोटर जळली की सगळेच हातावर हात ठेवून बसतात, पट्टा तुटला की माणसाचा हात जायची भीती. दाजी ऐकेना. कारीगरांच्या देखत तो म्हणाला, "मी मेल्यावर काढ." हिरामणने हातातलं काम खाली ठेवलं. घरी गेला आणि पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरू लागला. सुरतेत त्याच्या मित्राने कामाचं बघून ठेवलं होतं.

तेव्हा कमळा मध्ये पडली. दाजीची बायको तीसेक वर्षांत कधी मध्ये पडली नव्हती, म्हणून दोघेही थांबले. तिने तोडगा काढला. डॉक्टर कधीचा गुडघ्यांसाठी गणेशपुरीच्या गरम कुंडाचं सांगतोय, तर दाजीने महिनाभर तिकडे जावं. तेवढ्या दिवसांत कारखान्याबद्दल एक शब्दही पोराला बोलू नये. बोलला, तर पोर सुरतेला जाईल आणि ती त्याला अडवणार नाही. न बोलला, तर पोर घरात राहील. दाजीने एकवीरेची आण घेतली. निघताना कमळाने चावीसाठी हात पुढे केला. करगोट्याची गाठ त्याला सुटेना. शेवटी तिनेच सोडली.

गणेशपुरीला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला एस.टी.च्या मागच्या दारात तुळशीराम दिसला आणि आण जरा लांबची वाटू लागली. आपण बोलणार नाही, असं आपण म्हटलं. निरोप म्हणजे काही बोलणं नव्हे. बोलणार तुळशीराम. देवीलाही एवढं कळत असेलच.

खोली त्याने ठकुबाईकडे घेतली होती. कुंडावर येणाऱ्या दुखणेकऱ्यांना ती आणि तिचा नवरा मोरू जागा द्यायचे, जेवण करून घालायचे. दाजीने तिला पहिल्या दिवशी सांगितलं की भाताची पेज निथळून काढत जा. दुसऱ्या दिवशी चुलीतली लाकडं उभी घालायला सांगितली. तिसऱ्या दिवशी मोरूला पेंढा कसा रचायचा ते सांगितलं. मोरूचा जन्म त्या पेंढ्यात गेला होता. तो ऐकून घ्यायचा, बिडी दुसऱ्या कानावर ठेवायचा आणि आपल्या पद्धतीनेच रचायचा. गावातल्या आश्रमातले गोरे पाहुणे अनवाणी चालत, त्यांनाही दाजीने एकदा चप्पल काढून दाखवली आणि ती घाला असं खुणेने समजावलं. त्यातल्या एका बाईने हात जोडले. दाजीला बरं वाटलं.

कुंडाच्या पायरीवर नवा माणूस आला की दाजी सरसावायचा. "एकदम पाय घालू नको. आधी टाच. टाच सोसली की मग पंजा. मग घडीभर थांबायचं." माणसं ऐकत, कारण पाणी खरंच कढत होतं. पण काही जण दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या कुंडावर जाऊन बसत.

त्याला झोप मात्र येत नव्हती. भिवंडीत झोप म्हणजे मागांची खटखट. तिकडे शेडला लागून घर, आणि रात्रपाळीचा एक माग जरी थांबला तरी दाजी अंथरुणात उठून बसायचा. इकडे सगळेच थांबलेले होते. डोळे मिटले की वाटायचं, काहीतरी बंद पडलंय आणि आपण अजून गेलो नाही. असं करता करता त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं. ठकुबाईने एकदा तोंडावर सांगितलं, "शेठ, तुमी पानी घ्यायला आलाव का पाळी करायला?"

दाजीने नुसती काठी उचलली. दुपारच्या गाडीचे निरोप जुळवायचे होते.

महिना सरत आला असताना ते घडलं. दुपारी जेवून तो वालाच्या शेताकडेला बसला होता. मोरू पेंढ्याचे भारे चढवत होता. दाजीने तोंड उघडलं, तुझा उतार चुकतोय म्हणून सांगायला. तेवढ्यात पाठीला पेंढा टेकला. ऊन थंडीतलं होतं, पेंढ्याला लहानपणीचा वास होता. उताराचं नंतर सांगू, असं मनात आलं आणि डोळा लागला. असा लागला की मोरूने काम संपवलं, बैल सोडले, पाणी पाजलं, पुन्हा बांधले, तरी दाजीला पत्ता नाही.

उठला तेव्हा डोंगराची सावली शेतावर आली होती. त्याने काठी उचलली आणि जमेल तेवढ्या घाईने स्टँडकडे निघाला. गाडीच्या जागी तेलाचे डाग होते. चहावाला म्हणाला, "कंडक्टर थांबला होता थोडा. मग गेला."

दाजी तिथेच उभा राहिला. त्या दिवसाचे निरोप त्याच्याजवळ तसेच होते. नवं सूत कुठे उतरवायचं, इद्रिसच्या भावाला कामावर घ्यायचं की नाही, जावयाला सणाला काय सांगून बोलवायचं. आता हे कोण सांगणार? घशाशी आलेले निरोप गिळता येईनात. तो खोलीवर आला आणि कुणाशी न बोलता ताटावर बसला.

भात संपल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"पेज निथळली न्हाय आज?"

"न्हाय," ठकुबाई म्हणाली. "तुमी झोपला होताव. मग मी माझा शिजवला."

दाजीने ताटात पाहिलं. त्याने दोनदा भात घेतला होता.

दुसऱ्या दिवशी तो गाडीच्या आधीच स्टँडवर जाऊन बसला. आता दोन दिवसांचे निरोप साचले होते. गाडी आली, माणसं उतरली, तुळशीराम खाली आला आणि समोर उभा राहिला.

"काल कुठे होता? मी घाबरलो ना राव. सांगा."

दाजीने सांगायला सुरुवात करायची म्हणून श्वास घेतला. नवं सूत. ते आता कालच उतरलं असणार. कुठेतरी उतरलंच असणार, ट्रकवाला दोन दिवस माल घेऊन बसत नाही. इद्रिसचा भाऊ. तो एक तर लागला असेल, नाही तर गेला असेल. दाजीला एकाएकी आपलाच आवाज ऐकू आला, रोज या पत्र्याशी उभा राहून काढलेला, ग्रीस, पट्टा, पेंड, कडी. त्याला फार दमल्यासारखं झालं. एवढी वर्षं न झोपलेल्या माणसाला एकदाच झोप मिळावी आणि मग कळावं की आपल्याला किती झोप येतेय, तसं काहीसं.

"काय न्हाय," तो म्हणाला.

"काय नाही?"

"काय न्हाय आज."

"मग जाऊन काय सांगू?"

"काय न्हाय म्हनून सांग."

तुळशीराम त्याच्याकडे बघत राहिला. बोटं मोजायला म्हणून वर काढलेला अंगठा तसाच राहिला होता. मग तो गाडीत चढला. त्या दिवशी गाडी कुणाच्याही थापेवाचून वेळेवर सुटली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच गाडीतून कमळा उतरली.

दाजी कुंडावरून येत होता. त्याने लांबून लुगड्याचा हिरवा काठ ओळखला. कमळा भिवंडीबाहेर एकटी कधी निघत नसे. तिच्या काखेत गाठोडं होतं आणि ती पाय ओढत पण भराभर येत होती. जवळ येऊन तिने त्याला आधी खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

"तुमाला बरं हाय ना?"

"मला काय धाड भरलीय? घरी काय झालं?"

"घरी काय न्हाय झालं." ती मटकन रस्त्याकडेच्या दगडावर बसली. "मग निरोप का न्हाय?"

"कसला निरोप?"

"परवा तुळशीराम म्हनाला, दाजीशेठ दिसलेच न्हायत. काल म्हनाला, काय न्हाय सांगितलंय. काय न्हाय म्हंजे काय हो? तुमी जन्मात कदी काय न्हाय म्हनालाव? मला वाटलं..." तिने पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. "रातभर मला काय काय वाटलं."

दाजीला हसू आलं, आणि हसूबरोबर काहीतरी ओलसरही आलं. एवढ्यासाठी बाई धावत आली. तो तिच्या शेजारच्या दगडावर टेकला. मग हळूहळू त्याचं हसू ओसरलं.

"पन निरोप तर हिरामनला असतात," तो म्हणाला. "कारखान्यावर. आला न्हाय हे तुला कसं कळलं?"

कमळाने चहाच्या टपरीकडे पाहिलं. तुळशीराम तिकडे बशीत चहा ओतत होता. त्याने यांच्याकडे पाठ केली.

"नाक्यावर मी उभी असते," ती म्हणाली.

"कोनत्या?"

"धामनकर नाक्यावर. तो ड्युटीवरनं घरी चालला की मी त्याला गाठते. पयल्या दिशीच गाठलं. बाजाराला गेले होते, तो म्हनाला, वैनी, शेठचा निरोप हाय हिरामनला. मी म्हनलं, काय तो मला सांग. तवापासून रोज मीच."

"आनि तू जाऊन हिरामनला सांगायचीस?"

कमळाने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"सांगायचीस ना?"

"न्हाय."

काठी जमिनीवर आपटली तशी झाडाखालची कोंबडी फडफडून पळाली. "एक पन न्हाय?"

"एक पन न्हाय. सांगितला असता तर पोर दुसऱ्या दिशी गेलं असतं. ट्रंक भरून खाटेखालीच ठेवलेली होती त्यानं. मी रोज झाडू मारताना बघायचे, हाय का गेली." तिचा आवाज चढला नव्हता. "एकवीरेची आन घेतली होती तुमी. मोडलीत, ते मी कोनाला बोलले न्हाय. पन त्याच्याम्होरं मोडू दिली न्हाय."

चहावाल्याने इकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या किटलीकडे वळला. मग दाजीने पहिला प्रश्न विचारला तो शाफ्टचा.

"काढला," कमळा म्हणाली. "तुमी इकडं आल्यावर आठवड्यात."

"मोटरी?"

"बसल्या."

"चालतात?"

"चालतात. सुरवातीला दोन बंद पडल्या. तो आनि इद्रिस दोन दिस घरी आले न्हायत, तिकडंच जेवले. मग चालल्या. आता एक बंद पडला तर एकच पडतो."

दाजीच्या डोळ्यांपुढे छत आलं. शाफ्ट नसलेलं, नुसते पत्रे आणि धूळ. आपण इथे रोज बेअरिंगला ग्रीस भरवत होतो. मागाच्या बाजूला एक मोकळं चाक असतं. पट्टा त्याच्यावर सरकवला की पट्टा फिरतो, आवाज होतो, पण माग हलत नाही. महिनाभर दाजी त्या मोकळ्या चाकावर फिरत होता. त्याला लाज वाटली. लाजेच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं, त्याला तो तोंड देऊ शकत नव्हता, तरी त्याने विचारलंच.

"आनि ते बरं?"

"कसलं बरं?"

"तुळशीराम म्हनायचा रोज. बरं म्हनाला."

कमळाने मान खाली घातली. लुगड्याच्या काठाला चिकटलेलं एक कुसळ तिने काढून टाकलं. "ते माझंच. पयल्या दिशी तुळशीराम म्हनाला, शेठ विचारतील, उलट काय सांगू? मी म्हनलं, सांग, बरं म्हनाला. मग रोज तेच."

शाफ्ट गेल्याचं दाजीला जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. त्या एका शब्दावर तो रोज स्टँडपासून खोलीपर्यंत चालत आला होता. पोराचं बरं. ते पोराने उच्चारलंच नव्हतं. त्याने डोळ्यांवर हात घेतला, उन्हासाठी घेतल्यासारखा, आणि बराच वेळ काढला नाही.

"ट्रंक उघडली त्यानं," कमळा हळूच म्हणाली. "परवा. कपडे खुंटीला लावले. काशीला म्हनाला, बाबांच्या खोलीतली घडवंची पुसून ठेव, यायची वेळ झाली त्यांची."

"खरं सांगतेस? का हे पन तुझंच?"

"हे त्याचं."

कुंडाकडून माणसांचे आवाज येत होते. कुणीतरी पाण्यात पाय घालून ओरडलं आणि बाकीचे हसले.

"मी दमले हो," कमळा म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "निरोप ऐकून न्हाय दमले. ते ऐकलं की कळायचं, मानूस धड हाय, जागेवर हाय. शिव्यागत वाटायचे तरी मी वाट बघायचे. तुमचं ऐकायचं, पोटात ठेवायचं, मग घरी जाऊन त्याच्याम्होरं काय न्हाय झालं अशा तोंडानं भाकरी वाढायची. आनि सकाळी पुन्यांदा बरं तयार करायचं. हे काय आजचं हाय का? तुमी दोघं एका घरात असताना पन मी हेच करीत होते. तुमाला त्याचं बरं, त्याला तुमचं बरं. एक पन खरं नसायचं. आता माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

दाजीने तिच्या पायांकडे पाहिलं. वहाणेचा अंगठा तुटला होता आणि तिने सुतळीने बांधला होता. घोटे सुजलेले होते, त्याच्या गुडघ्यांपेक्षा जास्तच. डॉक्टरकडे तो गेला होता. तिने कधी पाय दुखतात म्हटलं होतं की नव्हतं, हे त्याला आठवेना. म्हटलं असेल, तर त्याने त्यावर काहीतरी उपाय सांगितला असणार आणि विषय संपला असणार.

"पाय कवापासून असे?"

"हायत कवाचे."

गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर चढून बसला होता. उतारू सामान वर टाकत होते. कमळाला याच गाडीने परत जायला हवं होतं, एरवी तेच झालं असतं. घर उघडं, म्हैस, सून एकटी, नातू लहान. दाजीच्या तोंडात सगळं जुळून आलं. चल ऊठ, खिडकीजवळ बस, गाठोडं मांडीवर घे, नाक्यावर उतर आणि...

तुळशीराम टपरीवरून आला. यायला त्याने उगाच वळसा घेतला होता. दाजीच्या नजरेला नजर न देता तो म्हणाला, "वैनी, गाडी सुटतेय. शेठ, काय निरोप?"

दाजी बोलायच्या आत कमळा उभी राहिली. हात टेकून उठावं लागलं तिला.

"हिरामनला सांग," ती म्हणाली, "आय दोन दिस हितंच र्‍हाते. पान्यात पाय घालून बसते म्हनावं. घरचं त्याचं तो आनि काशी बघतील."

एवढा लांब निरोप तिने आयुष्यात कुणाकरवी पाठवला नसेल. बोलून झाल्यावर ती घाबरल्यासारखी झाली. तिने गाठोडं पोटाशी धरलं. तुळशीरामने निरोप मोजायला अंगठा वर काढला होता, पण तो तिच्याकडे बघेना. सवयीने तो दाजीकडे बघत थांबला. मागच्या दारातले दोघे-तिघे उतारूही दाजीकडेच बघत होते. आता शेठ काय म्हणतात ते ऐकायला.

म्हशीची धार कोण काढणार, हे दाजीच्या ओठांपर्यंत आलं होतं. मागच्या दाराची कडी आली होती. ठकुबाईची खोली एका माणसापुरती आहे हेही आलं होतं. त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरं," दाजी म्हणाला.

तुळशीरामने वर काढलेला अंगठा मिटला. मग गाडीत चढून त्याने घंटीची दोरी ओढली.

कमळा कुंडाच्या दिशेने निघालीसुद्धा होती. पायरीवर बसून तिने वहाणा काढल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सावरलं आणि दोन्ही पाय एकदमच पाण्यात सोडले.